वरच्या रेटिंगचा खेळाडू समोर आला की वजिराला वजीर मारू नका

परवा संपलेल्या बुद्धिबळाच्या ओपन स्पर्धेतला पहिल्या फेरीचा डाव डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

स्विस पद्धतीत (यात हरलेला बाद होत नाही) पहिल्या फेरीला रेटिंगनुसार, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यानुसार, लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. माझं रेटिंग १४८०, समोरच्याचं १८८०. मी ठरवूनच बसलो होतो, मारामारी करायची (मोहऱ्याला मोहरा मारायचा), मोहरे कमी करायचे आणि बरोबरी पदरात पाडून घ्यायची.

चौदाव्या चालीला दोघांचेही वजीर मारून घेतले. मग हत्ती गेले, घोडे गेले. एकेक उंट आणि पाच-पाच प्यादी उरली तेव्हा हायसं वाटलं आणि मी बरोबरी देऊ केली. त्याने मान हलवून नकार दिला आणि राजा एक घर पुढे सरकवला. पुढच्या दहा-बारा चालींत तो राजा सावकाश पटाच्या मध्यावर येऊन बसला. माझी चार प्यादी माझ्याच उंटाच्या रंगाच्या घरांवर अडकलेली, उंटाला फिरायला जागाच नाही. शेवटी चाल माझी होती आणि काहीही खेळलं तरी प्यादं जाणार होतं. डाव सोडला.

नंतर दोघांनी डाव परत मांडला. चौदाव्या चालीवर थांबून तो म्हणाला, "इथे तुम्ही वजीर का मारलात? माझं किल्लेकोट (कॅसलिंग) व्हायचं होतं, राजा उघडा होता. मला इथेच भीती वाटत होती."

मोहरे कमी झाले की डाव सोपा होतो, हा आपला मोठा गैरसमज आहे. तो ज्याला एंडगेम, म्हणजे थोडे मोहरे उरल्यावरचा शेवटचा खेळ, येतो त्याच्यासाठी सोपा होतो! वजीर पटावर असताना चूक त्याच्याकडूनही होऊ शकते.

आणि आपण घाबरतो कशाला? रेटिंगमध्ये ४०० गुणांचा फरक असेल तर खालच्याकडून १०० डावांत आठ-नऊ गुणांचीच अपेक्षा असते (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). माझा के-फॅक्टर (एका डावाने रेटिंग किती हलू शकतं तो आकडा) २०, म्हणजे हरलो तर रेटिंगचे दीड-दोन गुण जाणार, जिंकलो तर अठरा मिळणार. आणि वरच्याला हरवता येतं: दिव्या देशमुख २०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकाला १५ वं मानांकन घेऊन गेली, दुसरं मानांकन असलेल्या झू जिनरला हरवून पुढे गेली आणि विश्वचषक जिंकून आली.

पाचव्या फेरीत पुन्हा वरचाच खेळाडू आला. या वेळी मी वजीर ठेवला. हरलो, पण सव्विसाव्या चालीला त्याच्या घड्याळात चारच मिनिटं उरली होती आणि तो दोन्ही हात कपाळाला लावून पटाकडे बघत होता.