बुकिंग रात्री बाराला उघडणार होतं

पिंट्या आला तो बसलाच नाही. उभ्याउभ्याच त्यानं फोन आमच्या तोंडापुढे धरला. पडद्यावर उलटी मोजणी चालू होती. एक तास, बेचाळीस मिनिटं, आणि सेकंद पळताहेत.

"बाराला नव्या टॅबचं बुकिंग उघडतंय. मी करणार आहे. कुणीही मध्ये बोलायचं नाही."

कट्ट्यावर असं म्हणणं म्हणजे आमंत्रणच. वकील लगेच सरसावून बसला. (वकील हे त्याचं टोपणनाव. काळा कोट त्यानं कधी घातलेला नाही, पण कुणी 'बरं वाटत नाही' म्हटलं तरी हा उलटतपासणी घेतो.)

"घोषणा कधी झाली?"

"परवा."

"हातात कधी येणार?"

"सात आठवड्यांनी."

"आणि त्याच कंपनीचा जुना टॅब अजून विकायला आहे?"

"आहे. त्याचं काय?"

"त्याचंच सगळं आहे," वकील म्हणाला. "२०१० साली ॲपलनं पहिला आयपॅड २७ जानेवारीला दाखवला आणि विकायला काढला ३ एप्रिलला. मधे दोन महिन्यांहून जास्त. परवडलं, कारण त्यांच्याकडे आधीचा टॅबच नव्हता, मग खप बुडणार कुणाचा? पुढच्या वर्षी आयपॅड २ आला तेव्हा मात्र २ मार्चला घोषणा आणि ११ मार्चला विक्री. नऊ दिवस. मधल्या काळात जुना माल पडून राहायला वेळच नाही. संगणक बनवणाऱ्या ॲडम ऑसबोर्नची गोष्ट माहीत आहे ना? १९८३. पुढची यंत्रं येताहेत असं आधीच सांगून बसला, लोकांनी आहे ते घ्यायचं थांबवलं, सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं."

ऑसबोर्नच्या दिवाळ्याला दुसरीही कारणं होती, पण वकिलाला मधे थांबवण्यात अर्थ नसतो.

"तर मुद्दा असा," तो पुढे म्हणाला, "जुना माल दुकानात असताना जो सात आठवडे आधी नव्याचा ढोल बडवतो, त्याला एक तर ढोल बडवायची घाई आहे, नाहीतर यंत्र अजून तयार नाही. तू कशाचे पैसे भरतोयस?"

"पैसे आता जाणारच नाहीत. पाठवतील तेव्हा कापणार."

"लिहिलंय तसं?"

पिंट्यानं पान वर-खाली सरकवलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं खरं. पाठवण्याआधी कधीही रद्द करता येईल, हेही होतं. एक गुण पिंट्याला. मला विचाराल तर बुकिंगच्या आधी या दोन ओळी शोधल्या की निम्मं भांडण मिटतं. कट्ट्यावर मात्र मिटू देत नाहीत.

"पहिल्या खेपेत नंबर लागला नाही तर रखडायला होतं," पिंट्या आता बसला. "त्याच २०१० मध्ये अमेरिकेत मागणी इतकी आली की बाकीच्या देशांतली विक्री त्यांनी एक महिना पुढे ढकलली. पहिल्याच दिवशी तीन लाखांवर गेले!"

"त्या तीन लाखांत दुकानदारांकडे पाठवलेलेही धरलेले होते, कंपनीनं स्वतःच म्हटलं होतं. आणि महिनाभर थांबले त्यांचं गेलं काय? महिना."

इतका वेळ मास्तर गप्प होते. मास्तर मात्र खरोखरचे मास्तर. तीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं. त्यांना टॅबमधलं काही कळत नाही आणि ते तसं मोकळेपणानं सांगतात. त्यांनी नुसता हात पुढे केला. "दे बरं तो फोन. काय लिहिलंय ते बघू."

पिंट्याचा फोन मराठीत असतो. त्यामुळे कंपनीचं ते पानही मराठीत होतं. कसलं मराठी ते विचारू नका, पण वाचता येत होतं. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'अकरा इंची पडदा आहे.' बरं. 'आठ जीबी मेमरी आहे.' बरं. 'पेनसाठी आधार दिला जाईल.' हं. 'कीबोर्ड लवकरच उपलब्ध होईल.' हं. 'दोन ॲप शेजारी शेजारी चालवण्याची सोय पुढील अद्यतनात येणार आहे.' पिंट्या, यातलं 'आहे' किती आणि 'होईल' किती, मोज जरा."

पिंट्यानं मोजलं नाही. वकिलानं मोजलं. सात 'आहे', पाच 'होईल-येईल-जाईल'.

"मी आपलं क्रियापद बघतो," मास्तर म्हणाले. "वर्तमानकाळ विकत घेता येतो. भविष्यकाळ उधारीवर असतो, आणि इथं उधारी तू देतोयस."

मला हे इतकं पटलं की मी मधे तोंड घातलं. काही वर्षांपूर्वी मीही असाच एक टॅब आधी नोंदवून घेतला होता. कुणाचा ते राहू द्या. कीबोर्ड सहा आठवड्यांत येणार होता. तो पाच महिन्यांनी आला, आणि तोवर मी काचेवर टाइप करायला इतका सरावलो होतो की त्याची खोकी अजून कपाटात तशीच आहे, वरचा पारदर्शक कागदही न काढलेली.

"तुझ्या एकट्याचं नाही," वकील म्हणाला. "ब्लॅकबेरीचं प्लेबुक आठव. एप्रिल २०११. ज्या कंपनीचं नाव ईमेलमुळे झालं, तिच्या टॅबमध्ये स्वतःचं ईमेलचं ॲपच नाही! मेल बघायची तर ब्लॅकबेरीचा फोन त्याला जोडा, नाहीतर ब्राउझरमध्ये जा. ॲप आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये. मोटोरोलाचा झूम तर त्याहून भारी. त्याला मेमरी कार्डाची खाच होती. दिसायची, कार्ड आतही जायचं. पण विक्रीला आला तेव्हा ती चालतच नव्हती, पुढच्या अपडेटनं चालणार होती. आणि फोर-जी हवं असेल तर यंत्र कंपनीकडे परत पाठवा, ते आत भाग बसवून देतील."

"म्हणजे खाच होती, पण भविष्यकाळात होती," मास्तर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

तेवढ्यात ताई आली. ताई मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, तीही आता टॅबवरच. त्यामुळे या विषयात कट्ट्यावर तिच्या शब्दाला वजन. तिनं बाकी काही विचारलं नाही. एकच प्रश्न टाकला, "आकार कसा आहे?"

"अकरा इंच."

"ते कर्ण झालं. मी आकार विचारतेय. लांबोळा आहे की वहीसारखा?"

पिंट्यानं खांदे उडवले. ताईच्या पिशवीत खडूचे तुकडे कायम असतात. ती खाली वाकली आणि दिव्याच्या उजेडात कट्ट्याच्या दगडावर दोन चौकोन काढले. पहिल्याच्या बाजू सहा आणि आठ, तिरकी रेघ दहा. शाळेतला पायथागोरस. दुसरा बारीक आणि लांब, तिरकी रेघ तीच दहा.

"हा पहिला चारास तीन. सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस चौरस इंच. हा दुसरा सोळास नऊ, सिनेमासारखा. कर्ण तेवढाच, पण बाजू साधारण आठ पूर्णांक सात आणि चार पूर्णांक नऊ. गुणाकार कर. पावणेत्रेचाळीसच्या आसपास. दोन्ही खोक्यांवर 'दहा इंच' असंच छापणार. पाच चौरस इंच कुठे गेले?"

आम्ही चौघंही त्या खडूच्या रेघांवर ओणवे झालो होतो. जाणारा एक जण थांबून बघून गेला, त्याला बहुतेक वाटलं आम्ही काही जागेची मोजणी करतोय.

"सिनेमाच बघायचा असेल तर लांबट बरा," ताई म्हणाली. "पुस्तकाचं पान वाचायचं तर लांबट उभा धरला की ओळी आखूड होतात आणि अक्षर बारीक होतं. आणि पेनचं तर घोषणेच्या व्हिडिओत काहीच कळत नाही. काच किती घसरते, हाताचा तळवा टेकला तर मधेच रेघ उमटते का, टोकाच्या मागं रेघ किती रेंगाळते, हे हातात घेतल्याशिवाय कळायचं नाही. जुनं पेन नव्याला चालेल हेही धरून चालू नका. ॲपलनं २०२२ मध्ये जो साधा आयपॅड काढला त्याला टाइप-सी पोर्ट दिलं, पण पेन चालायचं ते पहिल्या पिढीचं, ज्याला जुनी पिन. चार्ज करायला मधे एक वेगळा तुकडा जोडायचा. २०२४ च्या आयपॅड प्रोला तर आधीचं दुसऱ्या पिढीचं पेनच चालत नाही."

"ताई, मी चित्रं काढतच नाही!"

"मग 'पेनसाठी आधार' हे वाचून तुझे डोळे का चमकले?"

याला पिंट्याकडे उत्तर नव्हतं. चमकले होते खरे, मीही पाहिले होते.

वकिलानं मग ठेवणीतली दोन उदाहरणं काढली. पहिलं एचपीच्या टचपॅडचं. जुलै २०११ च्या पहिल्या तारखेला अमेरिकेत विक्रीला आला आणि १८ ऑगस्टला कंपनीनं तो बंद केल्याचं जाहीर केलं. अठ्ठेचाळीस दिवस. ज्यांनी पहिल्या आठवड्यात पूर्ण किंमत मोजली, त्यांच्या डोळ्यांदेखत तोच टॅब जवळपास एक पंचमांश किमतीला फुंकून टाकला. दुसरं योला टॅबलेटचं, फिनलंडचं. नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन बनवायला निघाले. ठरवलेली रक्कम काही तासांत जमली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की बहुतेकांना टॅब मिळणार नाही, निम्मे पैसे आधी परत करू आणि उरलेले जमेल तेव्हा.

"ते प्री-ऑर्डर नव्हतं," पिंट्या उसळला. "ती वर्गणी होती. माझे पैसे पाठवल्यावरच कापले जाणारेत. त्यात हे घुसडू नकोस."

मुद्दा बरोबर होता. वकिलानं मान्य केला नाही, पण विषय बदलला, म्हणजे मान्यच केला.

"बरं, तिसरा आयपॅड घे. मार्च २०१२ मध्ये आला. ऑक्टोबरात चौथ्याची घोषणा! नवं चार्जिंग पोर्ट, वेगवान चिप. सात महिन्यांत तुझा नवा टॅब जुना."

"नवा आला म्हणून आधीचा बंद पडतो का?" आता पिंट्या खरा रंगात आला. "तू बोललास, आता मी बोलतो. कंपनी म्हणते इतकी वर्षं अपडेट देऊ. ती वर्षं कधीपासून मोजतात? मी विकत घेतो त्या दिवसापासून नाही, बहुतेक कंपन्या मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात. तू शहाण्यासारखा वर्षभर थांबणार, स्वस्तात घेणार, आणि अपडेटचं एक वर्ष आधीच उडालेलं. मी पहिल्या दिवशी घेतो, मला सगळी वर्षं मिळतात. सांग कुणी स्वस्तात घेतला?"

कट्ट्यावर क्षणभर शांतता. त्या रात्रीचा हा सगळ्यात दमदार युक्तिवाद, आणि तो करणारा पिंट्या! रकमेला वर्षांनी भागून बघितलं तर थांबणाऱ्याची बचत खरंच आटते. मी तरी तोवर हा हिशेब असा मांडला नव्हता.

वकिलानं थोडा वेळ घेतला. "तुझ्या त्या तिसऱ्या आयपॅडला कुठवर अपडेट मिळालं? आयओएस नऊ, म्हणजे ॲपलच्या प्रणालीची नववी आवृत्ती. त्याच्या एक वर्ष आधीच्या आयपॅड २ ला? तेही नऊ. सात महिन्यांनी आलेल्या चौथ्याला मात्र दहा. अपडेट तारखेवर नसतं रे, चिपवर असतं."

"त्या काळी कुणी वर्षं लिहून देत नव्हतं. आता देतात."

"'देतात' की 'देतील'?" मास्तरांनी विचारलं.

पिंट्यानं परत फोन काढला. त्या पानावर सहा वर्षांची हमी होती. क्रियापद 'दिली जातील' होतं. पिंट्याचा चेहरा बघून ताईनं विषय हलकेच वळवला.

"तुझा आत्ताचा टॅब दाखव बघू."

त्यानं पाठीवरच्या पिशवीतून काढला. एक कोपरा फुटलेला, त्यावर चिकटपट्टी. चालू केला तर उठायला एवढा वेळ लागला की मास्तरांनी विचारलं, बंद आहे का. बॅटरी सकाळी शंभर भरली की दुपारी चाळीस. रात्री अंथरुणात तो यावर वाचतो. पान उलटलं की दोन सेकंद कोरा पडदा, मग अक्षरं.

"हे आधी का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली. "मी उगाच भूमिती काढली."

"तुम्ही विचारलं कुठं? आल्याबरोबर सगळे कंपनीच्याच मागे लागलात." मग जरा थांबून, थोडं लाजत, "आणि खरं सांगू? परवापासून मी रोज ते पान उघडून बघतो. घ्यायच्या आधी जे वाट बघणं असतं ना, ते मला आवडतं. टॅब हातात आला की ते संपतं."

यावर वकिलालाही उलटतपासणी सुचली नाही.

शेवटी ठरलं ते असं. कट्ट्यानं ठरवलं म्हणायचं, ठरवलं पिंट्यानंच. टॅब नोंदवायचा. पेन नाही. कीबोर्ड 'लवकरच'वाला, म्हणून तो मुळीच नाही. कव्हरही आत्ता नाही. वापरून बघणाऱ्यांची मतं यायला लागली की ती वाचायची, आणि आकार पसंत नाही पडला तर पाठवायच्या आधी रद्द. रद्द करायची तारीख ताईनं त्याच्या फोनमध्ये गजरासकट घालून दिली, कारण पिंट्यावर सोपवलं तर तो वाट बघण्यात ती विसरणार हे सगळ्यांना माहीत होतं.

बारा वाजले. पान अडकलं. पांढरा पडदा, मधे एक गोल फिरतोय. बारा वाजून चार मिनिटांनी उघडलं. पिंट्याचा अंगठा थरथरत होता, हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये. त्यानं दाबलं. टिंग झालं.

"झालं!"

"काय म्हणतायत?" मास्तरांनी विचारलं.

पिंट्यानं वाचून दाखवलं, "'आपली मागणी नोंदवली गेली आहे. ती लवकरच पाठवली जाईल.'"

मास्तरांनी चष्मा पुसत मान हलवली. "भविष्यकाळ. आणि त्यातही कर्मणी. कोण पाठवणार त्याचा वाक्यात पत्ताच नाही."