आधी कोड, मग कुलूप

समजा, निपाणीतल्या एखाद्या पतसंस्थेसाठी तुम्ही जावात सेवा लिहिली: शिल्लक दाखवा, रक्कम वळती करा. क्लासवर वेबसर्व्हिसचं अॅनोटेशन (कोडवरची खूणचिठ्ठी) चिकटवलं, सीएक्सएफ या जावा चौकटीनं डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवा कशी वापरायची याचं वर्णन, काढून दिलं. त्यात सुरक्षेचं अक्षरही नाही. असू दे, नारळ फोडून घ्या, मग पॉलिसी, म्हणजे सुरक्षेच्या अटी, लावा.

पॉलिसीचं अॅनोटेशन इंटरफेसवर टाकलं तर ती सगळ्या बाइंडिंगला, म्हणजे सेवेच्या प्रत्येक मेथडला, लागू होते. म्हणून ते एकाच मेथडवर टाका, तेही शिल्लक दाखवणाऱ्या. पैसे वळते करणारी मेथड मोकळी राहिली की ग्राहकांची सोय होते. त्यातूनही कुणी ‘चालत नाही’ म्हणून ओरडलं, तर यूजरनेम टोकन (संदेशासोबतचं नाव-पासवर्ड) मागणाऱ्या असर्शनला, म्हणजे त्या अटीला, ऑप्शनल ट्रू करा. पॉलिसीत दोन पर्याय तयार होतात, टोकनसह आणि टोकनशिवाय. दुसरा सगळ्यांनाच जमतो.

आता वेळेचं. बेळगावात दुपारचे साडेतीन वाजले असतील, तर संदेशावरच्या टाइमस्टॅम्पमध्ये 10:00 आणि पुढे झेड हवा, कारण झेड म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. हातानं क्लायंट (सेवा वापरणारा प्रोग्रॅम) लिहिणारा मात्र 15:30 लिहून वर झेड लावतो, आणि संदेश साडेपाच तास भविष्यातून आलेला ठरतो. सीएक्सएफसाठी सुरक्षा तपासणारी डब्ल्यूएसएस-फोर-जे लायब्ररी मुळात 60 सेकंदांपलीकडचं भविष्य आणि 300 सेकंदांहून जुना भूतकाळ स्वीकारत नाही. झोन सुधारायची कटकट कशाला? भविष्याची मुभा थेट 19,800 सेकंद करा. मग त्या दुपारचा चोरलेला संदेश रात्री नऊ वाजून गेले तरी ताजा. तोच संदेश परत आला की नॉन्सची (एकदाच वापरायच्या खुणेची) कॅश आडवी येते, तीही बंद करा. (दोन सर्व्हर असतील आणि कॅश प्रत्येकाची वेगळी असेल, तर हे कामही वाचतं, चोरानं दुसऱ्या सर्व्हरकडे जावं.)

पासवर्ड डायजेस्टमध्ये (मूळ शब्द न दाखवणाऱ्या ठशात) नको, साधा मजकूर ठेवा, आणि एचटीटीपीएसची सक्ती करणारं ट्रान्सपोर्ट बाइंडिंग वगळा. लॉगिंग चालू असू द्या. ते सोपचा (संदेशाच्या ठरावीक साच्याचा) अख्खा लिफाफा छापतं, त्यामुळे कुणी पासवर्ड विसरलं तर फाइलीत शोधता येतो.

एवढ्यानंही समाधान होत नसेल, तर पॉलिसी पूर्ण काढून टाका आणि तपासणी थेट इंटरसेप्टरमध्ये, म्हणजे संदेश वाटेत अडवणाऱ्या कोडमध्ये, हातानं लिहा. डब्ल्यूएसडीएलला त्याचा पत्ताच लागत नाही. कोल्हापूरचा क्लायंटवाला त्यावरून कोड तयार करतो, सिक्युरिटी हेडर न घालता संदेश पाठवतो, फॉल्ट (एररचं उत्तर) खातो आणि तुम्हाला फोन करतो. त्याला हेडरचा नमुना व्हॉट्सअॅपवर टाका, खऱ्या पासवर्डासकट.