कंबरेला पुढे खोचलेलं रिव्हॉल्व्हर "सगळ्यात सेफ" नाही

गेल्या रविवारी भाच्याच्या बारशाला आम्ही सगळे परळच्या घरी जमलो होतो. माझा आतेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, सोफ्यावर बसला होता आणि त्याची चार वर्षांची नात त्याच्या मांडीवर उड्या मारत होती. मी सरबताचा पेला द्यायला वाकले, तर झब्ब्याच्या आत, बेंबीच्या जरा उजवीकडे, लेंग्याच्या नाडीत खोचलेली मूठ दिसली. .32 बोअरचं, म्हणजे लहान गोळीचं, रिव्हॉल्व्हर. आतोबांचं जुनं विलायती, ते गेल्यावर दादाने रीतसर स्वतःच्या लायसन्सवर चढवून घेतलेलं. होल्स्टर, म्हणजे शस्त्र बसवायचं म्यान, नाही, आणि नळीचं तोंड थेट पोरीच्या पोटरीकडे.

आधी पोरीला उचलून आईकडे दिलं. मग दादाला आतल्या खोलीत नेऊन रिव्हॉल्व्हर रिकामं केलं. सहा काडतुसं पलंगावर पडली. दादा म्हणाला, "अगं, तू उगाच घाबरतेस. हीच सगळ्यात सेफ जागा आहे, हे वाच." आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

सराफांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज होता. वर एका अमेरिकन ट्रेनरच्या व्हिडिओचा तुकडा, खाली मराठीत मुद्दे. शस्त्र पुढे कंबरेला खोचा, कारण तिथून ते कोणी काढून घेऊ शकत नाही. होल्स्टर नको, पट्टा किंवा नाडी पुरे. लॉक असलं की गोळी आपोआप सुटत नाही. पूर्ण भरूनच ठेवा. .32 ची गोळी लहान, चुकून पायाला लागली तरी चार टाक्यांवर निभावतं. साध्या वेशातले पोलीस असंच ठेवतात. आणि लायसन्स असलं की कुठेही नेता येतं. याच आठवड्यात हा मेसेज मला आणखी तीन ठिकाणांहून आलाय, त्यातला एक माझ्याच जुन्या विद्यार्थ्याकडून. 14 वर्षं मी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवते. त्यामुळे हे मुकाट्याने डिलीट करणं मला जमणार नाही.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. दादरच्या पुलावरच्या गर्दीत पाठीमागे कंबरेला लावलेलं शस्त्र कोणाच्या हाताला लागलं तर तुम्हाला कळणारही नाही. पुढे असलं की ते नजरेखाली राहतं आणि दोन्ही हात त्याच्यापर्यंत पोचतात. अमेरिकेत ही पद्धत पुष्कळ लोक वापरतात ती याच कारणाने. पण तो व्हिडिओ पुन्हा नीट बघा. त्या माणसाच्या कंबरेला कडक प्लास्टिकचं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं होल्स्टर आहे आणि ते जाड पट्ट्याला क्लिपने पक्कं बसवलंय. मेसेज लिहिणाऱ्याने जागा तेवढी उचलली आणि ज्याच्यामुळे ती जागा वापरता येते तेच टाकून दिलं.

आता होल्स्टरचा मुद्दा. माझा सगळ्यात जास्त संताप याच्यावर आहे.

होल्स्टर म्हणजे शोभेचं पाकीट नव्हे. त्याचं पहिलं काम चाप झाकणं. चापाभोवतीची कडी पूर्ण, आणि कडक वस्तूने झाकलेली हवी, म्हणजे बोट, नाडी, शर्टाचं टोक, किल्ल्यांचा जुडगा, काहीच आत शिरत नाही. दुसरं काम शस्त्र एका जागी धरून ठेवणं. नाडीत खोचलेलं रिव्हॉल्व्हर जागेवर राहत नाही. पाऊण-एक किलोचं लोखंड, त्यात मुंबईचा घाम. जिना चढा, रिक्षात बसा, गाडी पकडायला चार पावलं धावा, ते खाली सरकतंच. आणि सरकायला लागलं की माणूस काय करतो? झडप घालून पकडतो. त्या झडपेत बोट नेमकं चापावर जातं. हे मुद्दाम कोणी करत नाही, हात आपसूक तसा मिटतो.

याचं उदाहरण जगाला माहीत आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू ट्रॅक पँटच्या कंबरेत ग्लॉक पिस्तूल खोचून गेला होता. होल्स्टर नव्हतं. पिस्तूल पँटच्या आतून घसरलं, त्याने ते पकडायला हात घातला आणि गोळी त्याच्याच उजव्या मांडीत घुसली. जीव वाचला, पण पुढे विनापरवाना शस्त्राच्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा झाली. लेंग्याची नाडी आणि ट्रॅक पँटचं इलॅस्टिक यात काय फरक आहे, ते दादाने मला सांगावं.

शिवाय आपल्याकडे हा आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. शस्त्र नियम 2016 मधला नियम 32 काढून वाचा. सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती होल्स्टरमध्ये, किंवा हँडगनसाठीच बनवलेल्या तशाच साधनात, अंगाला लावलेली पाहिजे. नाहीतर पाठपिशवीसारख्या पिशवीत पाहिजे. ती पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर पक्का ताबा पाहिजे. म्हणजे "होल्स्टर नको" हा सल्ला मानून दादा घरून पेढीवर जातो, तेव्हा तो रोज नियम मोडतो. ज्या लायसन्ससाठी इतके खेटे घातले, ते अशाने रद्दही होऊ शकतं.

लॉकचा मुद्दा अर्धा खरा. आधुनिक, चांगल्या अवस्थेतलं पिस्तूल चाप दाबल्याशिवाय सहसा उडत नाही. पण ग्लॉकसारख्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचं लॉकच नसतं. त्याची एक सेफ्टी चापातच असते आणि चाप साधारण अडीच किलोच्या दाबाला सुटतो. तो दाब बोटाचा की गुंडाळलेल्या शर्टाचा, हे पिस्तुलाला कळत नाही. बहुतेक रिव्हॉल्व्हरनाही असं लॉक नसतं, दादाच्या रिव्हॉल्व्हरला तर नाहीच. जुन्या बनावटीच्या बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये अडथळा नसतो. शस्त्र घोड्यावर आपटलं की तो ठोका थेट काडतुसाच्या टोपीवर बसतो. रेंजवर मी पहिल्याच दिवशी सांगते की पडणारं शस्त्र झेलायचं नाही, पडू द्यायचं. दादाच्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तेही सांगायची सोय नाही. झेललं तर चाप दाबला जाण्याची भीती, पडू दिलं तर घोडा आपटण्याची. ते पडताच कामा नये, आणि त्यासाठी होल्स्टर लागतं.

आपल्या जुहूमधलीच गोष्ट घ्या. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. बाहेरगावी निघण्याआधी ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी सुटली, असं त्याने सांगितलं. गोळी गुडघ्याच्या खाली लागली, म्हणून तो थोड्या दिवसांत व्हीलचेअरवर बसून घरी आला.

इथे मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा येतो. म्हणे पायाला लागली तर चार टाके. गुडघ्याखाली लागणं वेगळं आणि जांघेत लागणं वेगळं. जांघेच्या मधोमध दोन बोटं दाबून ठेवा. ठोका लागतो ना? ती मांडीकडे जाणारी मोठी धमनी. पुढे कंबरेला शस्त्र लावून तुम्ही उभे असता तेव्हा नळी जांघेकडे आणि गुप्तांगाकडे रोखलेली असते. बसलात की तीच नळी मांडीकडे वळते, आणि मांडीवर मूल असेल तर मुलाकडे. ही धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने जाऊ शकतो. हातापायाला आवळून पट्टा बांधता येतो, जांघेत तो बसतच नाही. तिथे कापड जखमेत कोंबून, अंगाचा सगळा भार टाकून, मूठ न उचलता दाबत राहावं लागतं. परळहून केईएम रुग्णालय किती जवळ आहे हे दादा मला सांगत होता. संध्याकाळच्या गर्दीत गल्लीतून गाडी बाहेर काढायलाच किती वेळ लागतो, हे त्यालाही माहीत आहे. .32 लहान आहे हे खरं, पण धमनी फाडायला मोठी गोळी लागत नाही.

भरूनच ठेवा म्हणतात, तर ज्याने वर्षभरात रेंजवर 50 गोळ्यासुद्धा झाडल्या नाहीत त्याने हे ऐकू नये. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायचं, म्हणजे सहाऐवजी पाचच काडतुसं. पिस्तूल असेल तर मॅगझीन भरलेलं चालेल, पण सराव पक्का होईपर्यंत चेंबर, म्हणजे नळीमागची गोळीची जागा, रिकामं.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि ती सगळ्यात जास्त कामाची आहे. होल्स्टर वापरणाऱ्यांकडूनही गोळी सुटते, ती पुष्कळदा शस्त्र परत आत घालताना. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकते आणि माणूस न बघता दाबत राहतो. आत घालायची कधीच घाई नसते. होल्स्टर कंबरेवरून काढा, शस्त्र त्यात बसवा, मग दोन्ही एकत्र कंबरेला लावा. ते जमत नसेल तर शर्ट दुसऱ्या हाताने छातीपर्यंत वर धरा, कंबरेतून जरा मागे झुका म्हणजे नळी अंगापासून दूर जाईल, बोट चापाबाहेर सरळ ठेवा, आणि डोळ्यांनी बघत हळू घाला. रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर अंगठा ठेवा. चाप कशात अडकला तर घोडा मागे यायला लागतो आणि ते अंगठ्याला लगेच कळतं. चामड्याचं जुनं, मऊ पडलेलं होल्स्टर फेकून द्या, त्याची कड आत दुमडून चापावर येते.

साध्या वेशातले काही पोलीस तसंच खोचतात, हे मीही पाहिलंय. चुकीचंच आहे ते. आणि लायसन्स असलं तरी शस्त्र घेऊन कुठेही जाता येत नाही. निवडणुका लागल्या की पोलीस शस्त्र जमा करायला सांगतात, आणि शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर लग्नावरातीत आनंदाने बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दादाशी त्या दिवशी बराच वाद झाला. पेढीवर रोकड असते, रात्री एकट्याने शटर ओढावं लागतं, त्याची भीती खोटी नाही आणि मी ती खोटी म्हटलीही नाही. शेवटी मी ते रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्या लेंग्याच्या नाडीत जसंच्या तसं खोचलं आणि त्याला सोफ्यावर बसून पाच वेळा उठ-बस करायला लावली. चौथ्या वेळी ते आतून घसरून मांडीवर आलं आणि त्याने ते पकडलं. हात उघडून बघितला तर पहिलं बोट चापावर होतं. तो बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.

या रविवारी सकाळी आठला तो रेंजवर येतोय. रिव्हॉल्व्हर रिकामं करून बॅगेत, काडतुसं वेगळ्या डब्यात. होल्स्टर मापाचं मिळेपर्यंत ते घरच्या तिजोरीतून बाहेर काढणार नाही असं त्याने वहिनीसमोर कबूल केलंय, आणि तिजोरीची किल्ली सध्या वहिनीकडे आहे.