एसयूव्ही विकून हायब्रिड सेडान का घेतली

एसयूव्ही काढून सेडान घेतली म्हटलं की पुण्यात लोक आधी चेहऱ्याकडे बघतात. "सगळं ठीक आहे ना रे?" इतक्या काळजीने तर नोकरी सोडली तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. सोसायटीत, ऑफिसात, लग्नकार्यात तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

आधीची गाडी २०१६ ची, चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही. इंजिन फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, जे त्या काळात स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अर्ध्या भारताच्या बॉनेटखाली होतं. गाडी गुणाची होती. तिच्याबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही. पण तिला 'एसयूव्ही' का म्हणायचं, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि कंपन्यांनी गाड्यांची शेपटं कापायला घेतली. आधी सेडानची कापली, मग एसयूव्हीची. आपण ज्याला ऐटीत 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतो, ती बऱ्याच अंशी कर खात्याने घडवलेली उंच हॅचबॅक आहे. फोर बाय फोर नाही, काही नाही. फक्त बसायला उंच.

आणि त्या उंचीसाठी आपण कारणं काय देतो? कोकण. गावचा रस्ता. कधीतरी स्पिती, लेह. बहुतेक माणसं गाडी निवडतात ती वर्षातल्या आठ-दहा दिवसांसाठी आणि चालवतात उरलेले सगळे दिवस, ऑफिस ते घर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. माझे ते उरलेले दिवस म्हणजे सिंहगड रोड ते हिंजवडी. ज्यांना हा पट्टा माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. वाकडच्या पुलाखालून भूमकर चौकात पोचेपर्यंत डाव्या पायाचा व्यायाम असा होतो की जिमची फी वाचते. डिझेल गाडी, जड क्लच, चाळिशी उलटलेला गुडघा. हायवेला वीसच्या आसपास ॲव्हरेज देणारी गाडी त्या रांगेत तेरा-चौदावर यायची. रांगेत उभं राहून डिझेल जाळायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

२०२३ मध्ये मी शोधायला लागलो तेव्हा वीस लाखांच्या आसपास खऱ्या अर्थाने हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणाऱ्या, म्हणाव्यात अशा गाड्या तीनच होत्या. ग्रँड विटारा आणि हायरायडर ही जुळी भावंडं (दोन्ही टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातून येतात) आणि होंडा सिटीची हायब्रिड. 'खऱ्या अर्थाने' हे मुद्दाम लिहिलं, कारण बाजारात 'स्मार्ट हायब्रिड'चे बिल्ले लावून फिरणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. त्या माइल्ड हायब्रिड. त्यांच्यातली छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन चालू करते, बस्स. निव्वळ विजेवर त्या गाड्या हलत नाहीत. एका शोरूममध्ये सेल्सवाल्या पोराने मला माइल्डचीच गाडी 'हायब्रिड आहे सर, सेम टेक्नॉलॉजी' म्हणून दाखवली. मी विचारलं, "इंजिन बंद ठेवून ही पार्किंगमधून बाहेर निघेल का?" पोरगा मॅनेजरला बोलवायला गेला, तो परत आलाच नाही.

मी सिटी घेतली. आता ती चालते कशी, ते थोडक्यात. इंजिन १.५ लिटर पेट्रोल, ॲटकिन्सन पद्धतीचं. म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो. त्याने ताकद थोडी घटते, पण पेट्रोलच्या प्रत्येक थेंबातून जास्त काम निघतं. घटलेली ताकद इलेक्ट्रिक मोटर भरून काढते. तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) २५३ न्यूटन मीटर आहे आणि तो पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर गाडी कुरकुर न करता पुढे सरकते. शहरातल्या वेगाला चाकं बहुतेक वेळ मोटरच फिरवते. इंजिनचं काम जनरेटर फिरवून वीज करायचं, तेही लागेल तेव्हाच. हायवेला एकसारखा वेग लागला की आतला एक क्लच जोडला जातो आणि इंजिन थेट चाकांना हात घालतं. नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. टोयोटाची पद्धत वेगळी: तिथे इंजिन आणि दोन मोटर एका प्लॅनेटरी गिअरने (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात अशी रचना) कायम बांधलेले असतात. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात पहिली प्रियस आली तेव्हापासून ते सूत्र चालत आलंय.

"चार्ज कुठे करतोस?" कुठेच नाही. प्लगच नाही. ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलटं काम करून वीज बनवते आणि ती बॅटरीत जाते. बॅटरीही अगदी लहान. हायरायडरची ०.७६ किलोवॉट-तासांची आहे. इलेक्ट्रिक गाडीची चाळीसच्या घरात असते, यावरून अंदाज घ्या. निव्वळ बॅटरीवर गाडी एक-दोन किलोमीटर जाईल, मग इंजिन उठणार. पण भूमकर चौकात एका दमात एक किलोमीटर कोण जातं? दहा मीटर पुढे, ब्रेक, परत दहा मीटर. नेमकी हीच चाल हायब्रिडला मानवते. इतर गाड्यांचं जिथे तेल निघतं, तिथे हिचा मीटर वर चढतो. गर्दीच्या संध्याकाळी मला चोवीसपर्यंत मिळतं, शहरातलं सरासरी बाविसच्या आसपास. एआरएआयचा (गाड्यांचं मायलेज तपासून प्रमाणित करणारी संस्था) २७.१३ हा आकडा ब्रोशरपुरता धरायचा. हायवेला शंभरच्या वेगाने एसी लावून एकोणीस-वीस, म्हणजे जुन्या डिझेलइतकंच.

सवय व्हायला वेळ लागला तो आवाजाला. सिग्नलला गाडी उभी, पाय ब्रेकवर, एसी चालू, सगळं शांत. बॅटरी उतरली की इंजिन आपणहून घुर्रर्र करून चालू होतं. पायाचा आणि आवाजाचा संबंधच तुटतो. ताम्हिणी घाट उतरताना तर आणखी गंमत. उतारावर लहानशी बॅटरी भराभर भरते, एकदा भरली की वीज ठेवायची कुठे? मग गाडी ती वीज वापरून इंजिन नुसतंच गरागरा फिरवते, म्हणजे उतारावर वेग आवरला जातो. पेट्रोल जळत नाही, पण आवाज असा की बायकोने दचकून विचारलं, "अरे, उतारावर कशाला रेस करतोयस?"

आता गैरसोयी, कारण त्या ब्रोशरमध्ये नसतात. पहिली म्हणजे डिकी. साध्या सिटीची ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६. दोनशे लिटर बॅटरीने खाल्ले. चौघांचं गणपतीचं सामान घेऊन गावी जायचं तर एक बॅग मांडीवर. दुसरी, सोसायटीचा स्पीडब्रेकर. इंडियन रोड काँग्रेसचं माप सांगतं, उंची दहा सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे चाक हळूच चढून हळूच उतरतं. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरने उरलेलं सिमेंट एका रेषेत ओतून त्याला पिवळा पट्टा मारलाय. चार माणसं बसली की गाडीचं पोट घासतं. तिरकी घातली तर वाचतं. वॉचमन आता मला बघूनच बाजूला होतो.

पण खरी तक्रार आईची. एसयूव्हीत सीट खुर्चीच्या उंचीवर असायची, आई नुसती वळून बसायची. सेडानमध्ये खाली उतरावं लागतं आणि बाहेर यायचं म्हणजे गुडघ्यांवर सगळा भार. पहिल्या दिवशी दाराच्या वरच्या कडीला धरून उठताना म्हणाली, "अरे, पैसे जास्त दिलेस ना? मग जमिनीवर का बसवतोयस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरात गुडघेदुखीची माणसं असतील तर हायब्रिड घ्या, पण हायरायडर-विटारासारखी उंच घ्या. त्यांचा एआरएआयचा आकडाही २७.९७ चा आहे, कमी नाही.

पैशांचं गणित मांडतो. तीच गाडी साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये घेतली तर हायब्रिडपेक्षा साधारण तीन लाख कमी लागतात असं धरा. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, मी घेतली तेव्हा हायब्रिडलाही तोच लागला. म्हणजे फरक ३ लाख ३६ हजार. पेट्रोल १०४ रुपये धरू. वर्षाला १२ हजार किलोमीटर होत असतील, साधी गाडी शहरात १२ देत असेल आणि हायब्रिड २२, तर वर्षाला वाचतात सुमारे ४७ हजार. फरक भरून निघायला सात वर्षं. वर्षाला २० हजार किलोमीटर असतील तर वाचतात जवळपास ७९ हजार, म्हणजे सव्वाचार वर्षं. माझं रनिंग याच्या अधेमधे आहे. त्यामुळे पैसे वाचवायला हायब्रिड घेतली असं मी कोणालाच सांगत नाही. डावा पाय, शांतता आणि रांगेतली चिडचिड यांचा भाव ज्याचा त्याने लावावा.

हा फरक एवढा मोठा का, याचं एक कारण पुन्हा करच. जीएसटीच्या आधी हायब्रिडवर सगळे कर धरून सुमारे ३०.३ टक्के लागायचे. जुलै २०१७ मध्ये ते २८ अधिक १५ सेस असे ४३ झाले. इलेक्ट्रिक गाडीला ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत सेस गेला आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड ४० टक्क्यांत आली. पण त्याच लांबीची पेट्रोल-डिझेल गाडीही ४० मध्येच. पूर्वी मोठ्या एसयूव्हीला ५० आणि हायब्रिडला ४३ असा थोडा तरी मान होता, तोही गेला. इंधन निम्म्यावर आणणारी गाडी आणि पिणारी गाडी सरकारदरबारी एकाच पंगतीत. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग, म्हणजे खऱ्या हायब्रिडची नोंदणी करमुक्त केली होती. आपल्याकडे अटल सेतूवर टोलमाफी आहे, पण ती इलेक्ट्रिकला.

इलेक्ट्रिकला सवलत द्यावीच, माझा विरोध नाही. मित्र म्हणतात, सरळ इलेक्ट्रिकच घ्यायची होतीस, हे काय अर्धवट. अरे बाबांनो, माझं पार्किंग बेसमेंटच्या कोपऱ्यात. मीटरपासून तिथपर्यंत केबल ओढायची तर कमिटीची एनओसी हवी आणि आमच्या कमिटीत पाण्याच्या टाकीचं गळकं झाकण बदलायचा ठरावही दोन सर्वसाधारण सभा चालतो. ज्यांच्या पार्किंगमध्ये आज प्लग आहे त्यांनी इलेक्ट्रिक घ्यावी. ज्यांच्याकडे नाही अशी माणसं पुण्या-मुंबईत लाखोंनी आहेत, आणि त्यांना पाच टक्के आणि चाळीस टक्के यांच्या मधली पायरीच ठेवलेली नाही. पंधरा-वीस टक्क्यांत हायब्रिड बसवली असती तर वरचं सात वर्षांचं गणित पार खाली आलं असतं.

माझा मेव्हणा नाशिक-नागपूर करतो, महिन्यातून तीन-चार खेपा, सगळा समृद्धीवरून. त्याने विचारलं तेव्हा मी त्याला स्पष्ट सांगितलं, "दाजी, तुम्ही डिझेलच घ्या." एकसारख्या वेगात हायब्रिडचं कौतुक आटतं.

कोणी घ्यायच्या विचारात असेल तर टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका, शोरूमवाले तीच वेळ देतात. संध्याकाळी सहा-साडेसहाला मागा आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर न्या. घरातली सर्वांत मोठी बॅग डिकीत घालून बघा. पार्किंगच्या उतारावर आणि सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी भरून चालवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या, आणि त्यांना नुसतं बसवू नका, दोन-तीनदा उतरायलाही सांगा.