तागडीखाली चिंच

धोकादायक जंतूंवर संशोधन व्हावं की नको, यावर तुमचं अजून मत नसेल तर आजच करून घ्या. बेळगावात, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी दोन फेऱ्या मारल्या तरी पुरे. एकेकाळी इथं देवीची लस बनायची, वासरांच्या कातडीवर वाढवून. आता तिथं आपण चालतो आणि साखर, रक्तदाब, विषाणू या क्रमानं बोलतो. जागेची पुण्याई म्हणा.

मत करायला तागडी लागते. एका पारड्यात फायदा, दुसऱ्यात धोका. आता रविवार पेठेत ज्यानं उमेदवारी केलीय त्याला सांगायला नको, खरी कला तोलण्यात नसते, मालाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवण्यात असते. गिऱ्हाइकाचा डोळा काट्यावर असू द्यावा.

फायदा नेहमी उद्याचा सांगा: लाखो जीव वाचतील. धोका कालचा सांगा: तेव्हा नियम ढिले होते. कुणी 1978 चं बर्मिंगहॅम काढलंच, तर मान हलवा. जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाई. देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर त्यांचं काम, प्रयोगाशी काडीचा संबंध नाही. नैसर्गिकरीत्या झालेला देवीचा शेवटचा रुग्ण आदल्याच वर्षी सोमालियात सापडून गेलेला. बाई तरी देवीनंच गेल्या. विषाणू वरच्या मजल्यावर चढला कसा, यावर अजून वाद आहे. तुम्ही म्हणा, "जुनी गोष्ट."

मग कुणी 2019 चं लांझू काढेल. जनावरांच्या लशीचा कारखाना, मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं, धुराड्यातून ब्रुसेलाचे जंतू बाहेर आणि दहा हजारांवर माणसं बाधित. ही काही जुनी गोष्ट नव्हे. तर म्हणा, "तो चीन!" अमेरिकेत 2014 साली एका सरकारी शीतखोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यात देवीच्या जुन्या कुप्या निघाल्या, त्याला उत्तर आणखी सोपं: "निघाल्या तरी ना!"

त्याच वर्षी अमेरिकेनं जंतू जास्त घातक करू शकणाऱ्या काही प्रयोगांचे पैसे थांबवले. 2011 साली बर्ड फ्लूचा विषाणू फेरेट नावाच्या प्राण्यांत हवेतून पसरेल असा केल्यापासून गहजब चाललाच होता. डिसेंबर 2017 मध्ये बंदी उठली. तीन वर्षांत निकाल! 1956 पासून तारखा मोजणाऱ्या आम्हा सीमाभागवाल्यांना हेवा वाटला. समिती काय चीज असते हे मात्र आम्हाला शिकवू नये. सीमावादावरचा महाजन अहवाल आमच्याकडं पोरांनाही पाठ असतो. तोलणाऱ्यांत बहुतेक कोण असतात? ज्यांचा माल, त्याच धंद्यातले.

तुम्ही विरोधी बाजूचे असाल तर चिंच दुसऱ्या पारड्याखाली लावा आणि ओरडा, "सगळं बंद करा!" माकडतापाचा विषय तेवढा टाळा. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, तेव्हा आधी पीतज्वराची भीती होती. कुणीतरी ते रक्त हाताळलं, विषाणू वेगळा काढला, म्हणून कळलं की हे काम गोचिडीचं. शंभरातले तीन-पाच रुग्ण दगावतात. 2016 साली तो ताप सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात होता. महाराष्ट्रात राहायचं की कर्नाटकात, याबद्दल गोचिडीचं ठाम मत दिसत नाही. जुनी लस म्हणावी तशी लागू पडेना म्हणून बंद झाली. नवी करायची तर कुणालातरी तो विषाणू पुन्हा हाताळावा लागणार. म्हणूनच म्हणतो, विषय टाळा.

आणि जोखीम कुणाच्या अंगावर, हे कधीच विचारू नका. मी एकदा चुकलो. काजूच्या हंगामात जांबोटीच्या पुढं एक मावशी भेटल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटरीवरून बोट फिरवत गोचिडी शोधत बसलेल्या. शेजारी तापाचं माहितीपत्रक, अख्खं कन्नडमध्ये.

"काय लिवलंय वो ह्यात?"

मी अक्षरं जुळवायला लागलो. तीन ओळींत घाम फुटला. तोवर मावशींनी कागद काढून घेतला, त्याची पुडी वळली आणि माझ्यासाठी तिच्यात बिया भरल्या. तागडी त्यांच्याकडं नव्हती. मुठीनं मोजल्या, वर दोन जास्त घातल्या.