कास भरला म्हणजे नळाला पाणी आलं, असं नाही

सातारकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक मजकूर फिरतो आहे. पावसाळ्यात शहराला पाणी पुरवणारा कास तलाव ओसंडून वाहायला लागला की तो हमखास वर येतो. थोडक्यात तो असा: ‘कास तलाव पाचपट मोठा झाला. पाणी उताराने येतं, विजेचा खर्च नाही. तरी नळाला पाणी जेमतेम येतं, म्हणजे ते मध्येच कुठेतरी मुरतंय. साताऱ्याला २४ तास पाणी द्या, पाणीपट्टी माफ करा आणि मीटर बसवायला कोणी आलं तर दारातूनच परत पाठवा.’

यामागचा राग मला समजतो. पहाटे उठून बादल्या भरणाऱ्या घराला ‘तलाव शंभर टक्के भरला’ ही बातमी वाचून चीड येणारच. पण या मजकुरातल्या मागण्या जशाच्या तशा मान्य झाल्या, तर शेवटच्या गल्लीतल्या घराला आज येतं तेवढंही पाणी येणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘तलाव पाचपट मोठा झाला.’ हे खरं आहे. कासची साठवण पूर्वी सुमारे ०.१ टीएमसी (अब्ज घनफूट) होती, बांधाची उंची वाढवल्यावर ती सुमारे ०.५ टीएमसी झाली. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर, म्हणजे आताचा साठा झाला १,४१६ कोटी लिटरच्या आसपास. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हा प्रचलित निकष आहे. २०११च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. आपण वाढ धरून सरळ २ लाख समजू. रोजचे २ कोटी ७० लाख लिटर, वर्षाचे सुमारे ९८५ कोटी. म्हणजे बाष्पीभवन आणि तळाचा, बाहेर न काढता येणारा मृतसाठा वजा केला तरी कागदावर एकटा कास पुरतो.

आता याच हिशेबात एक गोष्ट घाला. समजा, वाटेत एक तृतीयांश पाणी गळालं. मग तेवढ्याच लोकांना तेवढंच पाणी द्यायला वर्षाला सुमारे १,४८० कोटी लिटर सोडावं लागेल. पाचपट झालेला तलावही अपुरा! बांधाची उंची वाढवायला जेवढा पैसा आणि जेवढी वर्षं गेली, त्या कमाईचा मोठा वाटा गळतीत जाऊ शकतो, आणि मजकुरात गळतीचा शब्दही नाही.

दुसरं म्हणजे तलावाचं आकारमान आणि रोज शहरात उतरणारं पाणी यांचा थेट संबंध नाही. पूर्वी कासचं पाणी उघड्या पाटाने यायचं, पुढे बंद नळ आला. त्या नळातून रोज किती पाणी येणार हे त्याचा व्यास, लांबी आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक यांवर ठरतं. पातळी काही मीटर वाढल्याने दाब थोडा वाढतो, पण तलाव पाचपट झाला म्हणून प्रवाह पाचपट होत नाही. व्यासाचं मात्र तसं नाही. तेवढ्याच उतारावर व्यास दुप्पट केला तर पाणी सहापटीच्या आसपास येतं. म्हणूनच वाढीव पाणी खाली आणण्यासाठी मोठ्या जलवाहिनीची योजना उंचीवाढीपेक्षा वेगळी करावी लागली. तीही पुरेशी नाही. शुद्धीकरण केंद्राची क्षमता, पेठापेठांतल्या टाक्या आणि गल्लीतले जुने नळ यांतला सगळ्यात अरुंद टप्पा जेवढं पाणी पुढे जाऊ देतो, तेवढंच तुमच्या तोटीला येतं. उरलेलं कासमध्येच राहतं.

आणि सगळा सातारा कासवर नाहीच. दुसऱ्या, शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून उपसून येतं, तिथे वीज गेली की पुरवठा अडतो. २०२०च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग पालिकेत आला, त्यातल्या बऱ्याच वस्तीला पालिकेचं नव्हे, तर राज्याच्या जीवन प्राधिकरणाचं पाणी आहे. तिथल्या माणसाने कास भरल्याची बातमी वाचून तोटी उघडली तर निराशाच पदरी पडेल.

‘पाणी उताराने येतं, मग पाणीपट्टी कशाची?’ उताराने उपशाची वीज वाचते, हे कासचं मोठं देणं आहे. पण पावसाळ्यात पठारावरचं पाणी माती घेऊन उतरतं. त्याला तुरटी लागते, वाळूचे फिल्टर धुवावे लागतात, क्लोरीन लागतं. डोंगरातून येणारी वाहिनी फुटली की माणसं, वेल्डिंग, जेसीबी लागतात. पाणी सोडणारे कर्मचारी रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवतात, त्यांचा पगार असतो. पाणीपट्टी माफ केली तर पहिली काटछाट दुरुस्तीत होते. मग गळती वाढते आणि शेवटच्या टोकाची घरं कोरडी पडतात. टँकर विकत घ्यावा लागतो तो त्यांनाच.

‘मध्येच कुठेतरी मुरतंय.’ शक्य आहे. बेकायदा जोड असतील तर तोडलेच पाहिजेत. पण मुरतंय कुठे हे कळणार कसं? तलावातून किती निघालं, केंद्रातून किती बाहेर पडलं, प्रत्येक टाकीत किती चढलं आणि घराघरांत किती पोहोचलं, हे मोजल्याशिवाय चोर सापडत नाही आणि जमिनीखालची भेगही सापडत नाही. ज्या मजकुराला चोरी पकडायची आहे तोच मीटर परत पाठवायला सांगतो, हे मला अजिबात पटत नाही. मीटर म्हणजे खासगीकरणही नव्हे. पालिकेची योजना पालिकेकडेच राहून मीटर बसू शकतो. सरसकट पट्टीत दोन खोल्यांतलं कुटुंब आणि गाड्या धुणारा बंगला सारखेच पैसे भरतात, यात गरिबाचा फायदा कुठला?

२४ तास पाण्याच्या मागणीला माझा मनापासून पाठिंबा आहे, फक्त ते येतं कसं हे समजून घ्यायला हवं. पाणी तासभर येऊन गेलं की नळ रिकामा होतो. त्यातच कोणी नळाला थेट मोटर लावली की वाहिनीत ओढ तयार होते, आणि शेजारून गटार वाहत असेल तर सांध्यातल्या भेगेतून घाण आत शिरते. पहिल्या पाच मिनिटांचं गढूळ पाणी अनेकदा यातलंच असतं. नळ कायम दाबाखाली राहिला तर पाणी बाहेर झिरपेल, पण घाण आत येणार नाही. २४ तास पुरवठ्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे आहे, सोय त्यानंतर.

आपल्याच जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९च्या सुमारास हे करून दाखवलं. तिथे नवं जाळं टाकलं, जोडणीला मीटर बसवले, जास्त वापराला चढता दर लावला. सगळे नळ सारखे उघडे राहतात तेव्हा पाण्याचा जपून वापर दरामुळे होतो. जुन्या गळक्या नळांना मीटरशिवाय २४ तास पाणी सोडलं तर भेगाही २४ तास वाहतील. साताऱ्यात तर समर्थ मंदिराचा भाग उंचावर आणि पोवई नाका सखल भागात. उंचीनुसार भाग पाडून प्रत्येकाची टाकी वेगळी केली नाही, तर सखल भागातल्या तोट्या सगळं ओढून घेतील आणि चढावरची घरं पाण्याची वाट पाहत बसतील.

तेव्हा पालिकेकडे निवेदन द्यायचं असेल तर मागण्या बदला. प्रत्येक टाकीत रोज किती पाणी चढलं आणि किती सुटलं, याचा आकडा पालिकेने जाहीर करावा. मुख्य वाहिन्यांवर आणि टाक्यांच्या तोंडाशी मोठे मीटर आधी बसवावेत, घरगुती मीटर त्यानंतर, आणि गरजेपुरत्या वापराचा दर कमीत कमी ठेवावा. थेट नळाला लावलेल्या मोटारी जप्त कराव्यात, मग ती कोणाचीही असो. एक पेठ निवडून तिथले नळ बदलून २४ तास पुरवठा सुरू करावा आणि तिथली गळती आधी किती होती, नंतर किती राहिली, हे फलकावर लिहावं. मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर या चार मागण्या पाठवा.