शॉट चुकला तर चालतं, बॉल गेला तर नाही

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मोठा संघ हरला की दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा असते: शेवटचा शॉट कोणी चुकवला? मला ही चर्चा अर्धवट वाटते. मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय बाद स्पर्धेतून हरून घरी जाणारे कितीतरी संघ शॉट मारण्यापर्यंत पोचतच नाहीत. त्याआधीच बॉल त्यांच्या हातून गेलेला असतो.

याच स्पर्धेची 7 एप्रिल 2025 ची फायनल घ्या. सॅन अँटोनिओ, ह्यूस्टन विरुद्ध फ्लोरिडा. दुसऱ्या हाफमध्ये ह्यूस्टन 12 गुणांनी पुढे होता आणि तरीही 65-63 ने हरला. फ्लोरिडाने शेवटच्या मिनिटात आघाडी घेतल्यावर ह्यूस्टनकडे दोनदा बॉल आला. दोन्ही वेळा रिंगच्या दिशेने एकही शॉट गेला नाही! शेवटच्या पझेशनला, म्हणजे बॉल ताब्यात असण्याच्या शेवटच्या पाळीत, ह्यूस्टनचा इमॅन्युएल शार्प थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारायला वर उडाला, तेवढ्यात फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन धावत येऊन समोर उभा ठाकला. शार्प हवेतच होता. बॉल घेऊन खाली उतरला असता तर ट्रॅव्हल (बॉल घेऊन चालण्याची चूक), म्हणून त्याने बॉल खाली सोडला. आता त्याला तो पुन्हा पकडताही येईना, कारण त्यानेच पहिला हात लावला असता तर तेही नियमाबाहेर. बॉल टप्पे खात राहिला, फ्लोरिडाच्या ॲलेक्स कॉन्डनने त्यावर झेप घेतली आणि वेळ संपली.

त्या रात्री शार्पला लोकांनी काय काय ऐकवलं ते वाचून मला फार वाईट वाटलं होतं. क्लेटन पहिल्या हाफमध्ये एकही गुण करू शकला नव्हता. पण डिफेन्सच्या त्या एका धावेने त्याने सामना जिंकून दिला. ती धाव बघा ना! शार्पच्या हातून बॉल निसटला नव्हता. त्याच्यापुढे दुसरा मार्गच उरू दिला नव्हता.

आता जरा हिशेब. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा, शॉट क्लॉक, म्हणजे एका पाळीत शॉट मारायची मुदत, 30 सेकंदांचं. सामान्यपणे प्रत्येक संघाला 65 ते 70 पझेशन मिळतात, आणि दोघांना जवळजवळ सारखीच, कारण एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू. एका पझेशनमागे सरासरी एक गुण किंवा किंचित जास्त. पण या सरासरीत वाया गेलेली पझेशनही धरलेली असतात. ती बाजूला काढली, म्हणजे बॉल न गमावता शॉटपर्यंत किंवा फाउलबद्दल मिळणाऱ्या फ्री थ्रोपर्यंत पोचलेली पझेशन तेवढी मोजली, तर आकडा सव्वा गुणाच्या आसपास जातो. तेव्हा एका संघाने आठ टर्नओव्हर केले, म्हणजे शॉट न मारताच आठदा बॉल गमावला, आणि दुसऱ्याने चौदा, आणि बाकी खेळ अगदी सारखा झाला, तर फरक सात गुणांच्या घरात पडतो. मार्चमधले कितीतरी सामने याहून कमी फरकाने सुटतात.

आणि हा फक्त स्वतःचा तोटा. क्रिकेटमध्ये निर्धाव चेंडू गेला तर एक चेंडू वाया जातो, एवढंच. इथे पास मधल्यामध्ये पळवला गेला की समोरच्या संघाला मोकळं मैदान मिळतं, आपला डिफेन्स मागे फिरलेला नसतो आणि रिंगजवळून सोपा लेअप होतो. चुकलेल्या शॉटला निदान रिबाउंडची आशा असते. साधारण 30 टक्के वेळा तो बॉल मारणाऱ्याच संघाकडे परत येतो. गमावलेल्या बॉलला रिबाउंड नसतो. डीन ऑलिव्हर या संख्याशास्त्रज्ञाने जिंकण्याचे चार घटक मांडले, त्यात शॉटच्या अचूकतेनंतर दुसरा नंबर टर्नओव्हरचा आहे, रिबाउंड आणि फ्री थ्रो त्याच्या खाली. त्याने टर्नओव्हरला साधारण 25 टक्के वजन दिलं होतं. टीव्हीवरच्या हायलाइट्समध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही जागा मिळत नाही.

हेच ह्यूस्टन दोन दिवस आधी ड्यूकविरुद्ध कसं जिंकलं? शेवटच्या मिनिटात सहा गुणांनी मागे होते. शार्पने थ्री मारला, फरक तीनवर. मग ड्यूकने बाहेरून आत टाकलेला इनबाउंड पास मायलिक विल्सनने पळवला आणि बरोबरीसाठी थ्री मारला. तो चुकला! पण चुकलेला शॉट म्हणजे संपलेलं पझेशन नव्हे. जोसेफ टगलरने रिबाउंडवर थेट डंक मारला, फरक एकावर आला, आणि थोड्या वेळात ह्यूस्टन 70-67 ने जिंकलं. एक संघ शॉट चुकवूनही दोन गुण घेऊन गेला, दुसऱ्याला इनबाउंड पास गमावल्यामुळे शॉटच मिळाला नाही. माझं सगळं म्हणणं त्या आठ-दहा सेकंदांत आहे.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल या गावापासून फार लांब नाही. इकडे डीन स्मिथ यांचं नाव लोक आदरानेच घेतात. तिथल्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी कॅरोलायनाला दोन विजेतेपदं मिळवून दिली, 1982 आणि 1993, दोन्ही न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये. आणि दोन्ही फायनल समोरच्याने बॉल धड न ठेवल्यामुळे संपल्या. 1982 मध्ये तेव्हा पहिल्या वर्षात असलेल्या मायकल जॉर्डनच्या शॉटने कॅरोलायना 63-62 ने पुढे गेली, आणि लगेच जॉर्जटाउनच्या फ्रेड ब्राउनने सरळ समोरच्या संघातल्या जेम्स वर्दीच्या हातात पास दिला. 1993 मध्ये मिशिगनच्या क्रिस वेबरने 11 सेकंद उरलेले असताना टाइमआउट (खेळ थोडा थांबवण्याची सवलत) मागितला, संघाकडे तो शिल्लकच नव्हता. टेक्निकल फाउलची शिक्षा झाली, आणि कॅरोलायना 77-71 ने जिंकली.

यावर हटकून ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘डीन स्मिथ नशीबवान होते’. मी हे अजिबात मान्य करत नाही. 1993 ची ती क्लिप पुन्हा बघा. वेबरला जॉर्ज लिंच आणि डेरिक फेल्प्स या दोघांनी साइडलाइनपाशी कोंडलं होतं. पुढे जायला वाट नाही, पास द्यायला कोणी मोकळं नाही, शेजारी स्वतःच्याच संघाची बेंच. 20 वर्षांच्या मुलाला तिथे टाइमआउट सुचला, कारण बाकी काही करायला जागाच उरली नव्हती. 1982 मध्येही वर्दी पास पळवण्यासाठी पुढे झेपावला होता आणि म्हणून भलत्याच ठिकाणी उभा होता. तिथे जॉर्जटाउनचाच खेळाडू असेल, असं ब्राउनला वाटणं साहजिक होतं. स्मिथ तर 1950 च्या दशकात, एअर फोर्स अकॅडमीत सहायक प्रशिक्षक असल्यापासून, प्रति पझेशन गुण मोजत होते. बॉलची किंमत ज्याला कळते, तो ती समोरच्याकडून वसूलही करतो.

सगळ्यात हृदयद्रावक उदाहरण मात्र 20 मार्च 2016 चं, ओक्लाहोमा सिटीतलं. नॉर्दर्न आयोवा हा लहान कॉन्फरन्समधला (विद्यापीठांच्या गटातला) संघ टेक्सास ए अँड एमविरुद्ध 44 सेकंद उरलेले असताना 12 गुणांनी पुढे होता. तेवढ्या वेळात सामना 71-71 झाला आणि दोन ओव्हरटाइमनंतर ते 92-88 ने हरले. झालं काय? बास्केट झाल्यावर बॉल बाहेरून आत टाकायला पाच सेकंद असतात, आणि ए अँड एमने तेवढ्यात त्यांची कोंडी केली, पुन्हा पुन्हा. आत येणारा बॉल पळवला, बास्केट, परत तेच. दोनच दिवसांपूर्वी याच नॉर्दर्न आयोवाने अर्ध्या कोर्टावरून मारलेल्या शेवटच्या शॉटवर टेक्ससला हरवलं होतं. असा शॉट मारणारा संघ साध्या इनबाउंड पासवर संपतो, हे बघवत नाही.

इथे माझं ठाम मत सांगते. बॉल सांभाळणं हे एकट्या पॉइंट गार्डचं, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या खेळाडूचं, काम नाही. पास देणाऱ्याइतकीच जबाबदारी पास घेणाऱ्याची असते. तो बॉलकडे धावत आला का? दबावात असलेल्या सहकाऱ्याला दिसेल अशा जागी उभा राहिला का? की जागेवरून हात वर करून नुसता ‘मी मोकळा’ म्हणत राहिला? स्कोअरशीटवर टर्नओव्हर ज्याच्या हातून बॉल गेला त्याच्या नावावर लागतो, आणि बाकीचे चौघे सुटतात. लहान मुलांच्या संघांत तर याची फार किंमत मोजावी लागते. प्रेक्षकांतून ओरडा पडतो तो बिचाऱ्या ड्रिबल करणाऱ्या पोरावर किंवा पोरीवर, आणि ती पुढच्या वेळी बॉल घ्यायलाच घाबरते.

जपून खेळणं म्हणजे भित्रं खेळणं, असंही काहींना वाटतं. त्यांनी 2015 चं विस्कॉन्सिन बघावं. प्रशिक्षक बो रायन यांचा तो संघ सामन्याला सरासरी 7.4 टर्नओव्हर करायचा, आणि त्याच वर्षी त्यांचं आक्रमण देशात सर्वांत परिणामकारक होतं. तोपर्यंत एकही सामना न हरलेल्या (38-0) केंटकीला त्यांनी फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, 71-64 ने घरी पाठवलं. दबावात कोण सापडलं होतं? केंटकी. सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात शॉट क्लॉक संपून त्यांचाच बॉल गेला, एकदा नाही, लागोपाठ.

अपवाद आहेत, ते लपवणार नाही. 2017 मध्ये आमच्या इथल्याच कॅरोलायनाने विजेतेपद घेतलं ते आक्रमणातल्या रिबाउंडच्या जोरावर. इतके बॉल परत मिळवले की चुका परवडल्या. आणि वेगाने खेळणाऱ्या संघाचे टर्नओव्हर नुसते मोजून त्याला बेफिकीर ठरवणं चूक आहे, कारण त्याची पझेशनच जास्त असतात. म्हणून ब्रॅकेट, म्हणजे स्पर्धेतल्या निकालांचे अंदाज, भरताना मी सामन्यामागचा आकडा न बघता शंभर पझेशनमागचा बघते. आणि त्यातले किती टर्नओव्हर पळवलेले, किती नुसते बाहेर गेलेले, तेही. बॉल बाहेर गेला तर डिफेन्सला निदान मागे फिरून उभं राहायला वेळ मिळतो. पळवला गेला, तर दोन गुण बहुतेक लिहूनच ठेवायचे.